कात्री लावायची नाही

४ जानेवारी

धाकटे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता सुनेकडून लिहून घेतला. फसवणूक म्हण हवं तर. अकरा वर्षांत एवढी एकच केली आहे.

माफी मागायला लिहीत नाही. माझ्या मते ती मागायची पाळी तुझी आहे, पण तो विषय आज नको. हे कामाचं पत्र आहे.

माझ्या मुलाची मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण ती आवाज न करता सगळीकडे असते. गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सहा मी तिचं वाचन घेते. मिनिटाला एकशे वीस शब्द वाचते, एक चूक नाही. तिच्या वर्गात साठाच्या पुढे कुणी नाही.

आणि काल तिच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून सांगितलं की मुंगीला वाचता येत नाही.

वर्गशिक्षिका पंचवीस-सव्वीसची असेल. केस नीट विंचरलेले नव्हते, बाहीला खडूचा पांढरा पट्टा. मी शांतपणे विचारलं, अक्षरं चुकतात? नाही. जोडाक्षरं? नाही. मग? तर म्हणाली, मी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं, दोन बोकड अरुंद पुलावर समोरासमोर येतात ते. धडाधड वाचलं. मग विचारलं, बोकडांचं पुढे काय झालं? तर मुंगी म्हणाली, "कुठले बोकड?"

मी म्हणाले, लाजली असेल. वर्गशिक्षिका म्हणाली, दुसरं पान दिलं, तिने आधी न पाहिलेलं. तर प्रत्येक ओळीनंतर थांबायची आणि माझ्या हाताकडे बघायची. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. शेवटी बोलेनाशीच झाली. "घरी तिचं वाचन कोण घेतं?" हे तिने इतक्या गोडीने विचारलं की माझं डोकं फिरलं. छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते मी. या पोरीने शाळेत जी पुस्तकं वाचली असतील त्यांतल्या निम्म्यांची प्रुफं माझ्या हाताखालून गेली असतील. तिला हेही ऐकवून आले.

सतरा फेब्रुवारीला मुंगीची पुन्हा परीक्षा आहे. मुलाने स्वतः निवडलेलं पुस्तक वाचायचं आणि त्याविषयी बोलायचं. नाही जमलं तर तिसरीतच बसवणार. तिची एकुलती एक मैत्रीण चौथीत जाणार.

आता प्रश्न. तू वाचनाच्या तासाला तीन वर्षं नापास झालीस. अजूनही ओळीखाली बोट धरून वाचत असशील. आणि तरी गल्लीच्या टोकावरच्या वाचनालयातलं एक पुस्तक तू सोडलं नव्हतंस. हे कसं झालं? तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं, एवढं मला ठाऊक आहे.

उलट टपाली कळव.

ताई

१२ जानेवारी

धाकटे,

आठ दिवस झाले. स्वेटरच्या दुकानात तुला एवढं काम असेल असं वाटत नाही.

तुला माझी पद्धत माहीत नसेल, तर सांगते, म्हणजे तुला उत्तर देणं सोपं जाईल. छापखान्यात आम्ही दोघं दोघं बसायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद सगळं उच्चारून. दुसऱ्याने छापलेलं प्रूफ बघायचं. फरक दिसला की पेन्सिल टेबलावर ठोकायची, टक. वाचणारा जागच्या जागी थांबतो. चूक दुरुस्त झाली की पुढे. सगळे कंपोझिटर मला मागून सुतारपक्षी म्हणायचे. मला ठाऊक होतं, आणि मला त्याचा राग नव्हता.

या कामाचा पहिला नियम म्हणजे गोष्टीत अडकायचं नाही. नायिका मरायला टेकली की तुमची नजर तिच्या मागे धावते आणि सहाव्या ओळीतली वेलांटी निसटते. छत्तीस वर्षांत मी शेकडो कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांतल्या एकीचाही शेवट मला सांगता येणार नाही. याचा मला अभिमान होता. होता काय, आहे.

मुंगीलाही मी तेच शिकवलं. ती वाचते, मी समोर बसते, चुकली की टक. पहिल्या महिन्यात पन्नास वेळा, आता शून्य. यात काय चुकलं ते मला त्या खडूवालीने सांगावं.

परवा स्वयंपाकघरात सून माझ्या मुलाला सांगत होती. आवाज खाली होता, पण माझे कान शाबूत आहेत. म्हणाली, पोरगी झोपेत बोटाने पलंगावर टकटक करते. म्हणाली, सतरा तारखेला ती नापास झाली तर संध्याकाळचं वाचन बंद, आईंना तू सांग, नाहीतर मी सांगेन. माझ्या मुलाने वर्तमानपत्राचं पान उलटलेलं ऐकू आलं. तो लहानपणापासून असाच, वादळ आलं की खिडकी लावून घ्यायची आणि वादळ नाहीच म्हणायचं.

दिवसातला तो एक तास काढून घेतला तर माझ्याकडे काय उरतं याचा तिने विचार केलेला नाही. तू करशील अशी अपेक्षा नाही. पण प्रश्नाचं उत्तर दे.

आणि हो, तू त्या दिवशी आईच्या खोलीतून उठून गेलीस ते क्षुल्लक कारणावरून. मी फक्त चष्म्याच्या डबीने टेबलावर वाजवलं होतं. दोनदा.

ताई

२१ जानेवारी

धाकटे,

तुझं पार्सल मिळालं.

मी ते सगळ्यांसमोर फोडलं, हा माझा मूर्खपणा. मला वाटलं, पुस्तक असेल. निघाला लोकरीचा गुंता. सहा रंग, उशीएवढा गोळा, कुठे सुरुवात नाही, कुठे टोक नाही. आणि पावतीच्या मागे तुझ्या त्या बसक्या अक्षरात तीन शब्द: कात्री लावायची नाही. ना ताई, ना सही.

अकरा वर्षांनी बहिणीने प्रश्न विचारला तर तिला दुकानातला कचरा पाठवायचा, ही कुठली रीत? मुलगा हसला. सून हसली नाही, पण तिला किती कष्ट पडले ते दिसलं. मी गोळा कपाटाच्या वर फेकला.

सत्तावीस दिवस उरले आहेत. काल मुंगीने एकशे पंचवीसचा वेग गाठला. मी विचारलं, कशाबद्दल होतं? तिने माझ्या पेन्सिलकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, चुकलं का?"

ताई

२९ जानेवारी

धाकटे,

हे पत्र मी लिहिणार नव्हते.

गोळा कपाटावरून मुंगीने काढला. खुर्चीवर स्टूल ठेवून, हातपाय मोडायचे बाकी होते. म्हणाली, आजी, आपण सोडवू या. मी म्हटलं, वाचनाची वेळ आहे. ती म्हणाली, "तू सोडव, मी वाचते." तिच्यापुढे नाही म्हणायचं म्हणजे तुझ्यापुढे हरल्यासारखं झालं असतं. घेतला.

गुंता सोडवताना दोन्ही हात लागतात, धाकटे. डोळेही. हिरवा धागा पिवळ्याच्या खालून जाऊन तांबड्यात शिरतो, आणि नजर हलली की पुन्हा पहिल्यापासून. पेन्सिल कुठे धरणार? मुंगीने पहिल्या ओळीनंतर थांबून बघितलं. माझे हात दिसले. दुसरी ओळ वाचली, पुन्हा थांबली. टक नाही. पाचव्या ओळीला ती चुकली, स्पष्ट चुकली, आणि माझ्या तोंडाशी शब्द आला, पण तेवढ्यात निळा धागा सापडत होता. मी गप्प बसले. ती तीन शब्द पुढे गेली, थांबली, म्हणाली, "असं कसं असेल?" आणि परत मागे जाऊन स्वतःच बरोबर वाचलं.

छत्तीस वर्षांत मी कुणाला स्वतःची चूक स्वतः पकडू दिली नव्हती. माझं कामच ते होतं, दुसऱ्याच्या आधी पकडणं.

आणि तेव्हा मला आई दिसली. मागच्या अंगणात, जुने स्वेटर उसवत बसलेली, मांडीवर लोकरीचा ढीग. समोर पायरीवर तू, पुस्तक घेऊन, अडखळत, बोट फिरवत. मी नन्सच्या शाळेचा गणवेश घालून आत बसायचे आणि दार लावून घ्यायचे, कारण तुझं वाचन मला ऐकवत नसे. आई एकच शब्द बोलायची, "मग?"

काल पाच वाजता मुंगीने वाचलं आणि पान संपल्यावर मी म्हणून पाहिलं, मग? माझ्या आवाजात ते चौकशी अधिकाऱ्यासारखं आलं असावं. तिने दचकून पुस्तक मिटलं. पण नंतर हळूच उघडून पुढचं पान वाचलं.

उत्तर पाठवल्याबद्दल आभार. तुझी पद्धत उद्धट आहे.

ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

मी घाण केली.

मुंगीला परीक्षेसाठी पुस्तक निवडायचं होतं. शाळेच्या यादीतली सगळी तिने बाजूला सारली आणि माझ्या कपाटातून ते जाडं निळं काढलं. ओळखलंस ना कुठलं. सुईण, चोरीचा घोडा, नदीपलीकडे अडलेली बाई. मी म्हणाले, हे मोठ्यांचं आहे. ती म्हणाली, "यात घोडा आहे." बस्स, तेवढं कारण.

तीन दिवस ती वाचत होती आणि मी सोडवत होते. वेग पन्नासवर आला. पण सुईण घोडा चोरते तिथे मुंगी स्वतःहून थांबली आणि मला म्हणाली, ही चोर नाही ना आजी, ती परत देणार असेल ना? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नव्हतं. ती पोरगी माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी तिच्याएवढीच आहे.

चौथ्या दिवशी माझी एक जुनी सहकारीण घरी आली. तिच्यासमोर मुंगीने वाचायला घेतलं, अगदी आनंदाने, सुईणीचा आवाज जाड काढून. दोन ओळी गाळल्या. एक शब्द साफ खोटा वाचला. सहकारिणीने भुवई उचलली. आणि धाकटे, माझ्या हातात लोकर होती, दोन्ही हात गुंतले होते, तरी माझ्या टाचेने फरशीवर ठोकलं. टक.

मुंगीने पुस्तक ठेवलं आणि टेबलाखाली जाऊन बसली. तिथून ती सहकारीण जाईपर्यंत निघाली नाही. तेव्हापासून दोन दिवस झाले, वाचत नाही. तिची आई सांगते, तरी वाचत नाही. काल शाळेत तिची पाळी आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुनेने पाच वाजता बैठकीचं दार लावून घेतलं.

आठ दिवस उरले आहेत.

तुला हे सांगण्याचं कारण म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, त्या दिवशीही कुणीतरी आलं होतं. आईला भेटायला माझ्या छापखान्याचे व्यवस्थापक आले होते, आणि तू आईच्या उशाशी बसून तेच पुस्तक वाचत होतीस, सुईणीचा आवाज जाड काढून, ओळी गाळत. मी डबीने वाजवलं. मागच्या पत्रात मी "दोनदा" असं लिहिलं होतं. अकरा वेळा वाजवलं. मी मोजलं होतं, मी चुका नेहमीच मोजते. अकराव्याला तू पुस्तक मिटलंस. आई म्हणाली, "तिला वाचू दे गं, मला ऐकायचंय." मी म्हणाले, आई, मी वाचते, मी नीट वाचते. आणि मी वाचलं, एक चूक न करता, आणि आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आणखी एक. माझ्या सुनेला मी सांगितलं आहे की आजारपणात आईचे डोळे गेले होते म्हणून तिला वाचून दाखवावं लागे. डोळे चांगले होते. तिला वाचताच येत नव्हतं. शाळेत सिस्टर विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, आईचा चष्मा घरी राहिला. प्रगतिपुस्तकावरची सही मी करायचे. मला तिची लाज वाटायची, आणि तुला तिच्यासमोर वाचायला मजा यायची, कारण जगात ती एकटी अशी होती की जिला तुझी चूक कळूच शकत नव्हती. तिला फक्त पुढचं हवं होतं.

मी आता काय करू, ते सांग. लोकर नको. या वेळी शब्दांत.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "तू वाच, आणि तिला सोडवू दे."

मी वाचलं, दार उघडं ठेवून, टेबलाखाली बसलेल्या मुंगीला ऐकू जाईल असं. तिच्या हातात गोळा दिला होता. आणि कसं वाचायचं ते मला येईना. माझं वाचन म्हणजे छापखान्यातलं वाचन. पहिलं वाक्य संपलं आणि माझ्या तोंडून चक्क "पूर्णविराम" गेलं. टेबलाखालून खुसखुस ऐकू आली. मी पुन्हा सुरुवात केली. घोड्याला मी काय आवाज देणार? दिला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पातेलं तसंच.

नदीला पूर येतो तिथे मी अडकले, धाकटे. घोडा पाण्यात उतरत नाही, मागे मालक आलेला आहे, आणि मी दोन ओळी गाळल्या. मी! घाईत, पुढे काय होतं ते बघायच्या घाईत. टेबलाखालून फरशीवर एक बोट वाजलं. टक.

मी थांबले. आठ वर्षांच्या मुलीचं एक बोट, आणि मला पुढचा शब्द दिसेना. मग ती म्हणाली, "मुद्दाम केलं. कसं वाटतं?"

"वाईट," मी म्हणाले.

ती बाहेर आली, माझ्या हातात लोकर दिली आणि पुस्तक ओढून घेतलं. "सरक," म्हणाली. समोर नाही, शेजारी बसली.

चार दिवस.

ताई

१७ फेब्रुवारी

धाकटे,

हे शाळेच्या बोळातल्या बाकावरून लिहिते आहे. लहान मुलांचा बाक आहे, गुडघे हनुवटीशी आले आहेत. सून शेजारी बसली आहे. तिने पाण्याची बाटली आमच्या मध्ये ठेवली आहे.

मुंगी आत जाऊन दहा मिनिटं झाली. प्रत्येकाला दहाच देतात. दार बंद आहे, पण वर काच आहे आणि मी अजून टाचा उंचावू शकते. आत गेल्यावर तिने पुस्तक उघडलंच नव्हतं. खडूवालीच्या हातात लाल पेन होतं. मी काचेतून बघत होते, पोरीची नजर त्या पेनवर खिळली होती. मग मुंगीने खिशातून लोकरीचा उरलेला गुंता काढला. तिने तो बरोबर नेला आहे हे मला माहीतच नव्हतं. तो तिने टेबलावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली. खडूवालीने गोळ्याकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. पेन बाजूला ठेवलं. आणि सोडवायला घेतला.

मुंगी वाचते आहे. आवाज येत नाही, पण बोट फिरताना दिसतं. तुझ्यासारखं, ओळीखाली.

वीस मिनिटं. पुढचा मुलगा येऊन उभा आहे. सून म्हणते आहे, आई, बसा, पडाल.

पंचवीस.

दार उघडलं.

१९ फेब्रुवारी

धाकटे,

मुंगी चौथीत जाणार.

खडूवालीने (बरी आहे ती, तिला मी आता बाई म्हणते) आम्हाला सांगितलं की वाचन हळू आहे, दोन जागी ओळी गळल्या. मग म्हणाली, "वेळ संपली म्हणून मी थांबवलं तर मला म्हणाली, एवढं पान होऊ द्या, घोड्याचं काय होतं ते बघायचंय. मलाही बघायचं होतं, म्हणून उशीर झाला." निघताना तिने मला विचारलं, हे लोकरीचं कुणाचं डोकं? मी म्हणाले, माझ्या बहिणीचं, आणि त्याआधी आमच्या आईचं. आईला वाचता येत नव्हतं, हेही सांगितलं. बोळात, सुनेसमोर, मोठ्याने. सुनेने माझा दंड धरला. पायऱ्या होत्या म्हणून असेल.

काल मुंगी वाचता वाचता थांबली. पुस्तकात शिंप्याच्या मापपट्टीचा तुकडा होता, पिवळा, सोळापासून एकवीसपर्यंतचे आकडे. शेवटची चाळीस पानं त्याच्या पुढे आहेत. तिने विचारलं, इथे कोण थांबलं होतं? मी सांगितलं. तू थांबली होतीस, मी थांबवलं होतं. मी वाचलेलं आईने ऐकलंच नाही, तिला त्याच्या पुढचं कधीच कळलं नाही.

ती म्हणाली, "मग तिला बोलाव. ती येईपर्यंत पुढे नाही वाचायचं."

मी म्हणाले, ती येणार नाही. ती म्हणाली, का? आणि ते तिला सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते.

तू निघून गेल्यावर आई नऊ दिवस होती. रोज विचारायची, धाकटी आली का, पुढे काय झालं ते वाचायचंय. मी म्हणायचे, तिला निरोप पाठवलाय, ती कामात आहे. मी निरोप पाठवला नव्हता. एकही नाही. तुला कळवलं ते दहाव्या दिवशी, आणि तू आल्यावर लोकांसमोर म्हणाले, आता आलीस? पहिल्या पत्रात मी लिहिलं की एकच फसवणूक केली. ती ओळ आता खोडता येत नाही, तू ती वाचली आहेस. छापून गेलेल्या पुस्तकाला शेवटी शुद्धिपत्र जोडतात, तसं हे समज.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण मी तक्रार करणार नाही.

लोकर सगळी सुटली. सहा गोळे करून मुंगीने खिडकीत ओळीने मांडले आहेत. एकच गाठ राहिली आहे, तांबड्या आणि करड्याची, घट्ट, ओली करून पाहिली, सुईने पाहिली. माझ्याच्याने सुटत नाही. याचा काही खोल अर्थ काढत बसू नकोस, गाठ ती गाठ. मला जवळचं दिसत नाही आणि तुझी बोटं अजून चांगली आहेत.

चाळीस पानं आहेत. तू वाच, मुंगी शेजारी बसेल. मी खिडकीपाशी, पाठ करून बसेन, हात कशात तरी घालून. आईसारखं "मग?" तेवढं मात्र मी म्हणेन, तेही तुला चालणार असेल तरच. सध्या सराव चालू आहे. मुंगी म्हणते, निम्मं जमतं.

कात्री अजून लावलेली नाही.

ताई